डांबराखालची फळी

बालाघाटला मी आता वर्षातून एकदाच जाते, आपण अजून जिवंत आहोत असं बँकेत जाऊन सांगायला. तिरोडीहून सकाळी निघायचं, यंत्रावर अंगठा टेकवायचा, कागद घ्यायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. यंदा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला आणि काम अकरालाच उरकलं. बाहेर ऑटोवाल्यानं विचारलं, "माताजी, स्टेशन?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नहीं बेटा, नदी पर ले चलो."

नदीवर आता पायऱ्या आहेत. कठड्याला निळा रंग, विजेचे खांब, फुगेवाल्याची गाडी. मी ज्या घाटावर वाढले तिथं पायऱ्या नव्हत्या, नुसती वाळूची उतरण होती आणि तिच्या माथ्यावर अर्जुनाची तीन झाडं. त्यातलं एक अजून आहे. मी त्याच्या बुंध्याशी टेकले. मागं कुठंतरी रस्त्याचं काम चाललं होतं. वारा फिरला आणि तापल्या डांबराचा वास खाली उतरला. रस्त्याच्या डांबराला एकच वास असतो. आमच्या घाटावर नावांना लावायच्या डांबराला तीन होते. वर डांबर, त्याच्याखाली जंगलातली राळ, आणि राळेच्याही खाली मोहाच्या बियांचं तेल, कडवट, घशात उतरणारं. तो वास सगळा उन्हाळा आमच्या केसांत असायचा. माय म्हणायची, तुले लगनासाठी पाहाले कोणी आलं तर आधी नाक धरन.

माझा बाप सुतार होता. बैलगाडीची चाकं, नांगर, चौकटी ही त्याची वर्षभराची कामं. पण चैत्र लागला की ती बाजूला पडत. वैनगंगा आटत आटत मधल्या धारेपुरती उरायची, दोन्ही अंगांना वाळू उघडी पडायची, लोक पायी नदी ओलांडू लागायचे आणि नावाड्यांच्या हाताला काम उरायचं नाही. मग वरच्या आणि खालच्या घाटांवरून ते आपापल्या नावा रेटत, ओढत, कुठं खांद्यावर घेत आमच्या घाटावर आणायचे. त्या पट्ट्यात नाव दुरुस्त करणारा बा एकटाच होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

सात-आठ नावा वाळूत पालथ्या पडल्या की लांबून वाटायचं, पाणी प्यायला आलेली कसली तरी मोठी जनावरं तिथंच झोपून गेलीत. नाव पालथी करताना सगळ्यांनी हात लावायचा, ती कोणाची का असेना. पालथी झाली की माय येऊन तिच्या नाकाला हळद-कुंकू लावायची. त्यानंतर पाठ खरवडायची, जुनं डांबर, शेवाळ, शिंपले सगळं काढायचं. उन्हात वाळवायचं. फटीफटींतून जुन्या वाती ओढून काढायच्या आणि जुन्या धोतरांच्या नव्या वाती वळून बोथट पटाशीनं ठोकून बसवायच्या. टक टक टक. सकाळी आठपर्यंत हा आवाज, पुन्हा उन्हं कलल्यावर हा आवाज. मधल्या उन्हात सगळा घाट अर्जुनाखाली आडवा.

नावाडी पंधरा-पंधरा दिवस तिथंच राहायचे. तीन दगडांची चूल मांडायची, भात शिजवायचा, मासळीचं आंबटसर कालवण करायचं. ज्यांच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या होत्या ते डांगरं आणायचे आणि बुक्कीनं फोडून वाटायचे. संध्याकाळी उजेड असेतो गप्पा चालत. कोणाच्या घाटावरचा भोवरा जास्त वाईट, यावरून दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी ते अर्धंच राहायचं. वर्षभर ही माणसं आपापल्या काठावर एकटी असत, उतारू घ्यायचे आणि सोडायचे, बस. एकमेकांना ती फक्त आमच्या घाटावर भेटत. नाव नीट असली तरी काही जण येत. बा नावेवरून हात फिरवून म्हणायचा, "हिले काई झालं नाई. काहून आणली?" तो म्हणायचा, "असू द्या, पाहून घ्या मिस्त्री." आणि आठ दिवस राहून जायचा.

त्यातले तिघं मला आज पाहिल्यासारखे आठवतात. लहानूकाका नावाचाच लहानू, अंगानं इतका उंच की आमच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागे. त्याचा घाट आमच्या वर, दोन गावं सोडून. तिथून पुलापर्यंत फेरा फार पडायचा, म्हणून पलीकडची सगळी माणसं, बाजार, वराती, शाळेची पोरं, त्याच्याच नावेतून जात. दुसरा दौलत, नुकतं लग्न झालेला, बोलका. नवी राज्यं झाली तेव्हा आमचे अर्धे सोयरे महाराष्ट्रात गेले आणि आम्ही जागचे हललोसुद्धा नाही. दौलतची सासुरवाडी त्या अंगाला पडली. तो सगळ्यांना सांगायचा, "माही बायको परदेशची हाय." तिसरा भूरा. तो जंगलाच्या बाजूचा, हिंदी बोलणारा, आणि बोलणारा म्हणायचं इतकंच. त्याची नाव सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत स्वच्छ असायची.

मी सोळा वर्षांची होते त्या पावसाळ्यात बाच्या डोळ्यांना काहीतरी झालं. काय झालं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या. नागपूरचे म्हणाले, उशीर झाला. घरात त्यावर कोणी बोललं नाही. बा पहिल्यासारखाच सकाळी उठायचा, हत्यारांना तेल लावायचा. मला कळलं ते एका सकाळी. त्यानं मागितलेली पटाशी त्याच्या मांडीला टेकून पडली होती आणि तो चारही अंगांना हात फिरवून ती शोधत होता. मी उचलून दिली. त्यानं तिच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आजपासून माह्याजवळ बसत जाय बाई."

मी बसू लागले. चैत्र आला, नावा आल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून एक लबाडी सुरू केली. बाचा हात जरा डावीकडं गेला की मी म्हणायची, "बा, पाणी देऊ का?" उजवीकडं गेला की, "ऊन लागून राह्यलं का बा?" थांबायचं असलं की, "भूक लागली का?" सूत मारायचं, म्हणजे फळीवर दोरीनं सरळ रेघ आखायचं, काम मी करायची. लोकांना सांगायचं, मिस्त्रीचं गुडघं दुखते. बाकी बाचे हात सगळं करायचे. लाकडावर बोटं ठेवून तो सांगायचा, ही फळी कुठल्या अंगानं वाकते, हा खिळा किती साल जुना. लाकूड तासायचा वाकस तर तो डोळे असतानाही न बघताच चालवायचा. तो उन्हाळा निभावला. दौलत एकदा हसून म्हणाला, "यंदा मिस्त्रीले लय तहान लागते बाप्पा." मी खाली मान घालून वात वळत राहिले. मला मनातून अभिमान वाटत होता. मला वाटायचं, सगळ्या घाटाला आम्ही दोघांनी फसवलंय.

पुढच्या उन्हाळ्यात लहानूकाकाची नाव पालथी पडली होती. सकाळची वेळ, मोहाची फुलं वाळत घातल्याचा गोड-आंबट वास सगळीकडं. सात-आठ माणसं भोवती उकिडवी बसलेली. बा नाकापासून सुरू करून एकेक फळी तळव्यानं चाचपत, मुठीनं ठोकत मागं आला. मागच्या टोकाकडं, तळाजवळच्या फळीवर त्यानं हात ठेवला, ठोकलं, आणि म्हणाला, "ही राहू दे. सागाची हाय. अजून दोन पावसाळे काढन."

मला ती फळी दिसत होती. खिळ्यांच्या रांगेखाली एक काळी रेघ होती, नखभर रुंद, ओल लागून पुन्हा पुन्हा वाळलेली. मी सहज हात ठेवल्यासारखं करून अंगठ्याचं नख तिच्यावर दाबलं. नख आत गेलं. भिजलेल्या चामड्यात जावं तसं, आवाज न करता.

पाणी देऊ का, ऊन लागते का, भूक लागली का. आमच्याकडं एवढेच शब्द होते. 'बा, तू चुकलास' याला शब्द ठेवलाच नव्हता आम्ही. सगळे ऐकत होते. लहानूकाका समोरच बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मी नख बाहेर काढलं आणि गप्प बसले.

तीन दिवस गप्प बसले. त्या तीन दिवसांत फटी भरल्या, राळ कुटून तेलात वितळवून ओतली, वर डांबराचे दोन हात चढले. डांबर चढलं की सगळ्या फळ्या सारख्याच, काळ्या, चकचकीत. त्या फळीवर मीच डांबर फिरवलं. मला जेवण जाईना. डोळ्यांसमोर सारखी ती नाव पाण्यानं भरलेली दिसायची. आषाढातली नदी, लाल, दोन्ही काठ खाणारी, आणि नावेत शाळेची पोरं दप्तरं पोटाशी धरून बसलेली. आणि दुसरीकडं बा दिसायचा, सगळ्यांच्या समोर, हात फळीवर तसाच राहिलेला.

चौथ्या दिवशी उजाडताच मी घाटावर गेले. लहानूकाका वाळूत खणलेल्या झिऱ्यावर तोंड धुत होता. मी त्याच्यापाशी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. फळी सडली आहे, बाला दिसलं नाही, बाला दिसतच नाही, नाव पाण्यात घालू नका.

त्यानं चूळ भरली, टाकली, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"मायीत हाय बाई," तो म्हणाला. "आणली तवाच पाह्यलं होतं मी."

"मंग काहून नाई बोलले?"

"घरी नेऊन मी बदलतो ना. फळी काढून ठेवली हाय. मिस्त्रीले नोको सांगू."

मी विचारलं, "अन् बाकीच्यायच्या नावा?"

तो जरा घुटमळला. "दौलतचीबी मागच्या साली घरीच केली आमी. कोनाचं काही, कोनाचं काही. पाहून घेतो आमी." मग माझ्या चेहऱ्याकडं पाहून म्हणाला, "तुह्या बापानं माह्या बापाची नाव केली हाय. माही पयली नाव त्यानंच केली. आमी अठी आलो नाई तं जाणार कोठी?"

घरी परतताना मी पहिल्यांदा आमची वाट नीट पाहिली. घरापासून घाटापर्यंत त्या वाटेवर पूर्वी गोटे होते, एक मोठं मूळ आडवं आलेलं होतं. आता एकही गोटा नव्हता. मूळ कोणीतरी कुऱ्हाडीनं छाटून सपाट केलं होतं. दौलत बाच्या जवळ आला की आधी खोकायचा, ते मला आठवलं. मला वाटायचं त्याला बिडीचा खोकला आहे. बाची हत्यारं रोज एकाच क्रमानं मांडलेली असायची आणि ती मी मांडलेली नव्हती. पूर्ण एक वर्ष सगळा घाट आम्हाला सांभाळत होता, आणि मी समजत होते आम्हीच घाटाला फसवतोय. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बा दिवसभर घाम गाळून जे करायचा ते ही माणसं घरी नेऊन पुन्हा करत होती. त्याला कोणी सांगत नव्हतं, आणि तो संध्याकाळी समाधानानं हात धुवायचा.

नाव बुडणार नव्हती. मी गप्प राहिले असते तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. हे मी स्वतःला सकाळभर सांगितलं.

दुपारी सगळे झाडाखाली झोपले होते. बा ओसरीवर बसून पटाशीला धार लावत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बा, लहानूकाकाची मागची फळी सडली हाय."

दगडावरची पटाशी थांबली.

"कोणी पाह्यलं?"

"मी."

"कवा?"

"तू हात लावला तवाच."

तो उठला. "चाल," म्हणाला. भर उन्हात, वाळू पोळत असताना, मी त्याचा हात धरून त्याला नावेपाशी नेलं. त्यानं पटाशीनं डांबर खरवडलं, अंगठा टेकवला, खिळ्यांच्या रेषेवरून हळूहळू सरकवत आणला. एका जागी तो थांबला. अंगठा आत गेलेला मी पाहिला.

"मी मधी ठोकलं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "कडंनं ठोकाले पायजे होतं." मग विचारलं, "लहानूले मायीत हाय?"

"हौ."

"सगळ्यायले?"

"हौ. मागच्या सालापासून."

तो तसाच उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं, त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसत नव्हता. परत येताना त्यानं माझा हात धरला नाही. त्या सपाट केलेल्या वाटेवरून तो एकटाच चालत आला, पावलानं जमीन चाचपत. जिथं मूळ होतं तिथं थांबला, पाय दोनदा फिरवला, आणि पुढं निघाला.

तो जेवला नाही. मायनं मला विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगतलं ते बरं केलं," आणि भाकरी परत टोपलीत ठेवली.

संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला बा घाटावर गेला. मी मागं होते. सगळे होते. कोणी मासळी साफ करत होतं, दौलत डांगर फोडत होता. बा लहानूकाकाच्या नावेला पाठ लावून उभा राहिला. ओरडून बोलायची त्याला सवय नव्हती, तो नेहमीच्याच आवाजात बोलला.

"मले दिसत नाई. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यापासून नाई दिसत. तुमाले ठावं हाय, हे मले आज समजलं. तुमी माह्या तोंडावर काही बोलले नाई, तुमचं मन मोठं हाय. पन नावेत तुमीच नाई बसत. पोरंसोरं बसतात. मी त्यायले पान्यात घालून राह्यलो होतो."

दौलतनं फोडलेलं डांगर खाली ठेवलं. चुलीतली लाकडं तडकत होती.

"उद्यापासून माही पोरगी पाहीन," बा म्हणाला. "मी सांगीन, ती करन. ज्याले हे चालत नसन त्यानं आपली नाव घेऊन जावा. मले राग नाई."

मग लहानूकाका उठला, येऊन बाच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "माही फळी सकाळी काढा मंग. घरची फळी मी आणतो."

भूरा मात्र दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास आपली नाव घेऊन निघाला. एकट्याला ती ओढवत नव्हती, म्हणून दौलतनं हात लावला. जाताना भूरानं बाला लांबूनच हात जोडले. बाला ते दिसणं शक्य नव्हतं, आणि मीही त्याला सांगितलं नाही.

ती फळी बदलायला चार दिवस लागले. सडकी काढताना तिचे दोन तुकडे माझ्या हातातच आले. नवी फळी ओली करून, जाळावर धरून, दगडांखाली वाकवत ठेवायची. वाकवताना ती कण्हायची. वाकस पहिल्यांदा माझ्या हातात आला तेव्हा मी तो इतका आवळून धरला की मनगट भरून आलं. बा म्हणाला, "तो आपल्या वजनानं उतरते. तू त्याले फक्त जागा दाखव." माझ्या हातांवर त्यानं आपले हात ठेवले, आणि थोड्या वेळानं काढून घेतले. मी एक कड जास्त तासली. ती फळी वाया गेली. लहानूकाकानं काही न बोलता दुसरी आणली. दौलत म्हणाला, "होऊ दे, अजून जंगल संपलं नाई."

मृगानंतर नदीला पाणी आलं आणि नाव पाण्यात घातली. आमच्याकडं रीत होती, पहिल्या खेपेला मिस्त्रीनं बसायचं. त्या वर्षी बा आणि मी दोघंही बसलो. बा तळाशी मांडी घालून बसला, तळहात त्या नव्या फळीवर. धारेत येताच सांध्यातून पाणी झिरपलं, बोटभर, मग चार बोटं. मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. त्याची बोटं ओली होती आणि चेहरा स्वस्थ होता.

"पिऊ दे तिले," तो म्हणाला. "लाकूड नवं हाय. प्यालं की फुगते अन् आपलं आपन बंद होते."

लहानूकाकानं काहीच न ऐकल्यासारखी वल्ही मारली. पलीकडच्या काठाला लागेतो झिरपणं थांबलं होतं. मी टिनाच्या डब्यानं पाणी उपसून काढलं, आणि मग खाली काही येत नाही हे बराच वेळ नुसतं बघत बसले.

पुढच्या चैत्रात सगळ्यांत आधी भूराची नाव आली. त्यानं ती वाळूत पालथी केली, बाला रामराम केला आणि मग माझ्याकडं वळला. "बाई, देख लो," म्हणाला. त्याचं-माझं एवढंच बोलणं. मी फळ्या मधोमध ठोकल्या, मग कडेनं ठोकल्या, नख लावून पाहिलं. एक खिळा सोडला तर तिला काहीही झालेलं नव्हतं. तो आठ दिवस राहिला.

असे पाच उन्हाळे आम्ही काम केलं. बा सांगायचा, मी करायची. लबाडीचे शब्द आम्हाला पुन्हा लागले नाहीत, तरी कधीकधी मी सवयीनं "पाणी देऊ का बा?" म्हणायची आणि तो सवयीनं हात उजवीकडं सरकवायचा आणि मग दोघंही हसायचो. नंतर मी मास्तरणीचं शिक्षण घेतलं आणि वारासिवनीकडच्या शाळेत लागले. शाळा हिंदी होती. मी पोरांना हिंदीत शिकवायची आणि हातांनी मात्र मराठीत विचार करायची, असं मला वाटे. नावा कमी होत गेल्या. बस गावोगाव जाऊ लागली. लग्न होऊन मी तिरोडीला आले, खाणीच्या लाल धुळीत, आणि त्यानंतर हातात वाकस कधी धरला नाही. मुलांना हे सांगितलं तर ती ऐकून घेतात. नातवाला डोंगा, आमची लाकडी नाव, म्हणजे काय हेच हिंदीत समजावून सांगावं लागतं.

मी बाला कधी विचारलं नाही की तुझ्याआधी लहानूकाकाला सांगितलं याचा तुला राग आला का. तेव्हा धीर झाला नाही, नंतर ते विचारायसारखं राहिलं नाही. ते तीन दिवस मात्र माझ्यात राहून गेलेत. अजूनही नावेत पाय ठेवताना मी आधी खाली बघते.

ऑटोवाला पायऱ्यांवरून हाक देऊन गेला, किती वेळ लागेल म्हणून. मी म्हटलं, "अभी आई, बेटा." नदी कार्तिकातली, निवळ, वाहतेय की नाही कळू नये अशी. पलीकडचा काठ उन्हात स्पष्ट दिसत होता, आणि तो बघता बघता मला बा गेला तो दिवस आठवला.

माघ महिना होता. मी शाळेतून निरोप मिळून आदल्या संध्याकाळी आले होते. बा पहाटे गेला. कोणी कोणाला सांगितलं माहीत नाही, पण उन्हं वर यायच्या आत वरच्या घाटावरून लहानूकाका आला, खालून दौलत आला, जंगलाच्या अंगानं भूरा आला, आणखीही बरेच आले. सगळे पायी, काठाकाठानं. नावा त्यांनी आपापल्या घाटावर बांधून ठेवल्या होत्या, आणि आमच्या घाटाची नावही त्या दिवशी काठाला बांधलेलीच होती. तो बाजाराचा दिवस होता. आमच्या समोरच्या काठावर माणसं जमली होती, डोक्यावर पाट्या, टोपल्या, कोणाच्या हाती बकरी. एरवी नाव यायला जरा उशीर झाला की पलीकडून हाकांनी नदी डोक्यावर घ्यायचे ते लोक. आम्ही बाला नदीच्या वाळूत नेलं, सगळं होईतो दुपार झाली, आणि तेवढा सगळा वेळ ती माणसं पलीकडं उभी होती. नाव आली नाही. त्यांनी एकदाही हाक मारली नाही.